जरा सोबर दाखवा

लक्ष्मी रोडवरच्या कापड दुकानात गादीवर बसलेल्या माणसाला मराठी गिऱ्हाईक ओळखायला दोन वाक्यं पुरतात. पहिलं, "बजेटमधलं दाखवा." दुसरं, "आणि जरा सोबर दाखवा." एवढं कानावर पडलं की तो मान न वळवता मागे हात घालतो आणि बदामी, राखाडी, आकाशी, फिकट पिस्ता आणि ज्याला कोणताच रंग म्हणता येणार नाही असा एक, असे पाच शर्टपीस समोर टाकतो. मग घरातली चार माणसं ते एकेक करून दुकानाच्या दारापर्यंत नेतात, उजेडात धरतात, बराच विचार करतात आणि बदामी "फारच उठून दिसतोय" म्हणून राखाडी घेऊन घरी येतात.

अशा समाजात निऑन रंग परत आले आहेत. मॉलच्या काचेतल्या पुतळ्यांच्या अंगावर आले, कॉलेजच्या कट्ट्यावर आले, नेलपॉलिशच्या बाटलीत आले, जिमच्या आरशात आले आणि आता लग्नाच्या बस्त्याच्या यादीतही "संगीत: निऑन" अशी एक ओळ पडू लागली आहे. पूर्वी या रंगांना आपण सरसकट रेडियम म्हणून मोकळे होत होतो. त्यांची जागा ठरलेली होती. मोटारसायकलच्या मडगार्डवरचा "आईचा आशीर्वाद", रिक्षाच्या मागच्या काचेवरचा वाघ, सायकलच्या चाकातले मणी, शाळेच्या दप्तराची पट्टी. माणसाच्या अंगावर ते चढलेच तर हेअरबँडपुरते किंवा गणपतीत विकायला येणाऱ्या टोपीपुरते. टोपी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात जायची आणि घर पुन्हा राखाडी व्हायचं.

गेलेली फॅशन किती वर्षांनी परत येते, याचं एक कोष्टक जेम्स लेव्हर या इंग्रज अभ्यासकाने 1937 साली मांडून ठेवलं आहे. हे गृहस्थ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये होते, त्यामुळे जुन्या कपड्यांकडे बघायला त्यांना पगार मिळत होता. त्यांच्या हिशेबाने एखादा कपडा त्याच्या काळाच्या दहा वर्षं आधी घातला तर असभ्य, ऐन काळात घातला तर झकास, काळ उलटून एक वर्ष झालं की गबाळा, दहा वर्षांनी भयंकर, वीस वर्षांनी हास्यास्पद आणि तीस वर्षांनी गमतीदार. पुढे शंभर वर्षांनी तो रोमँटिक होतो आणि दीडशे वर्षांनी चक्क सुंदर.

हे कोष्टक मराठी घराला लागू पडत नाही, कारण लेव्हरसाहेबांच्या हिशेबात बोहारीण नाही. आपल्याकडे कपड्याचं आयुष्य वेगळ्या टप्प्यांनी जातं. आधी तो समारंभाचा, मग बाहेर जायचा, मग घरात घालायचा, मग रंगपंचमीचा, मग स्कूटर पुसायचा. यातून जो वाचला त्याच्यावर दारात बसून घासाघीस होते आणि त्याच्या बदल्यात स्टीलचं भांडं येतं. तीस वर्षांनी तो कपडा गमतीदार होण्याची वाट बघायला आपल्याकडे कपाटात जागा नसते. म्हणून हल्ली घरोघरी हा संवाद ऐकू येतो.

"आई, तुझ्या कॉलेजच्या फोटोत ते पोपटी जॅकेट आहे ना, ते कुठंय? आता तसलंच तीन हजारांना मिळतंय."

"त्याचं पातेलं झालं."

"कुठलं?"

"त्यातच तर तू रोज मॅगी करतेस."

तर आईचं ते जॅकेट मुळात आलं कुठून? निऑनची पहिली मोठी लाट 1980 च्या दशकातली. पाश्चात्त्य देशांत एरोबिक्सचं वेड पसरलं होतं, पोटऱ्यांवर लेगवॉर्मर चढले होते आणि 1984 साली 'व्हॅम!' या ब्रिटिश जोडीने एका गाण्याच्या व्हिडिओत निऑन हातमोजे घालून नाचून दाखवलं. ती लाट समुद्र ओलांडून आपल्याकडे पोचेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. तोवर गोविंदा तयारच होता. त्याच्या पिवळ्या पँटी आणि लाल कोट बघून थिएटरात शिट्ट्या वाजत होत्या आणि शिट्ट्या वाजवणारे घरी येऊन सोबर शर्ट शिवत होते. पडद्यावरचा रंग पडद्यावर, ही शिस्त आपण पाळली. लेव्हरच्या नियमाने ही लाट 2015 च्या आसपास परत यायला हवी होती, पण निऑनला तेवढा धीर कुठला! 2012 च्या सुमारास एकदा ते डोकावून गेलं, 2018-19 मध्ये पुन्हा आलं, आणि जून 2024 मध्ये चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेने 'ब्रॅट' नावाचा अल्बम काढला. मुखपृष्ठावर गायिकेचा फोटो नाही, नक्षी नाही. नुसता डोळ्यांत भरणारा पोपटी चौकोन आणि त्यावर धूसर अक्षरांत नाव. तेवढ्या भांडवलावर युरोप-अमेरिकेचा सबंध उन्हाळा पोपटी झाला.

आता आपल्याला भडक रंग खपत नाहीत, असं मात्र कुणी समजू नये. जेजुरीला खंडोबाच्या पायऱ्यांवर भंडारा उधळला जातो, तेव्हा माणसं, पायऱ्या, दीपमाळा सगळं पिवळं धमक होतं. तिथे "जरा सोबर उधळा" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. येवल्याची पैठणी घ्या. पोपटी अंगाला राणी रंगाचे काठ, त्यावर जरीचा पदर, पदरावर मोर आणि मोरांच्या अंगात पुन्हा चार वेगळे रंग. ती नेसून उभी राहिलेली बाई लग्नाच्या हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येते आणि त्यासाठीच ती नेसलेली असते. हळदीचा पिवळा, मिरवणुकीतला गुलाल, नवरात्रात वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या रंगांप्रमाणे एका सुरात नटलेला लोकलमधला लेडीज डबा. हे सगळं आपण आनंदाने सोसतो, नव्हे मिरवतो. आपली हरकत भडकपणाला नसतेच. ती असते परवानगी न घेता केलेल्या भडकपणाला. देवाने सांगितलं, लग्नपत्रिकेने सांगितलं किंवा पेपरात छापून आलं की कोणताही रंग चालतो. कुठलंही निमित्त नसताना, साध्या मंगळवारी सकाळी, नुसतं वाटलं म्हणून कुणी निऑन हिरवा टी-शर्ट घालून जिन्यात आला की सोसायटी अस्वस्थ होते. "काय रे, आज काय आहे?" या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर आपल्याला पटत नाही.

गंमत म्हणजे या रंगांचा जन्मही नटण्यासाठी झाला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बॉब आणि जो स्वित्झर असे दोन भाऊ होते. 1933 साली बॉब टोमॅटोची खोकी उतरवण्याच्या जागी काम करत असताना पडला. डोक्याला मार लागला, नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. धाकटा जो रसायनशास्त्र शिकणारा आणि हौशी जादूगार. जादूगाराच्या हाताला अंधार लागला की तो स्वस्थ बसत नाही. वडिलांचं औषधाचं दुकान होतंच. दोघांनी अतिनील किरणांचा दिवा घेतला, दुकानातल्या कोणकोणत्या बाटल्या अंधारात चमकतात ते शोधलं आणि त्यातून चमकणारे रंग बनवायला घेतले. पहिला उपयोग अर्थातच जादूच्या प्रयोगात झाला: काळोख्या रंगमंचावर नाचणाऱ्या बाईचं शिर धडापासून सुटून तरंगताना लोकांनी पाहिलं. पुढे त्यांनी दिवसाउजेडी चमकणारे रंग काढले. ते कापडावर चढवून बघण्यासाठी बॉबने बायकोचा लग्नातला पोशाख वापरला, असं सांगतात. त्याच्यावर पुढे घरात काय प्रसंग गुदरला याची नोंद रसायनशास्त्राच्या इतिहासात नाही. मग दुसरं महायुद्ध आलं आणि या कापडाचे पट्टे जमिनीवर अंथरले जाऊ लागले, म्हणजे वरून जाणाऱ्या वैमानिकाला आपलं सैन्य ओळखू यावं आणि त्याने चुकून आपल्यावरच बॉम्ब टाकू नयेत. आकाशातून दिसावा म्हणून केलेला तो रंग आज पुतण्या साखरपुड्याला घालून येतो, आणि वर विचारतो, "काका, दिसतोय का बरा?"

तो दिसतो कसा, हेही समजून घेण्यासारखं आहे. साध्या लाल कापडाचा व्यवहार सरळ असतो. अंगावर जेवढा उजेड पडला, त्यातला लाल परत द्यायचा, उरलेला गिळायचा. दिलेला उजेड पडलेल्या उजेडापेक्षा जास्त असूच शकत नाही. निऑन कापडाचं तसं नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि बरोबर थोडा जांभळा-निळा उजेड ते गुपचूप पोटात घेतं आणि त्याचा आपल्याच रंगात बदल करून बाहेर काढतं. त्यामुळे त्या रंगाचा जेवढा उजेड त्याच्यावर पडला, त्याहून जास्त उजेड ते परत देतं. उत्पन्नाच्या ज्ञात स्रोतांपेक्षा अधिक मालमत्ता म्हणतात, तो हाच प्रकार. बघणाऱ्याला हिशेब लागत नाही, पण काहीतरी गडबड आहे हे डोळ्यांना कळतं, आणि नेमकं म्हणूनच नजर हटत नाही.

दुकानातल्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे तिथे निऑन शर्ट बऱ्यापैकी सालस दिसतो. "एवढा काही भडक नाही हो," असं म्हणून तो घेतला जातो आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात आल्यावर खरं रूप दाखवतो. कापड दारापर्यंत नेऊन बघायच्या आपल्या सवयीला सेल्समन मनातल्या मनात हसत असतील, पण तिला शास्त्राचा असा भक्कम आधार आहे. ऑनलाइन खरेदीला दार नसतं. शिवाय हे रंग फोनच्या पडद्यावर पुरते उमटत नाहीत आणि चार शाईंच्या नेहमीच्या छपाईतही उतरत नाहीत. फोटोत लिंबाएवढा पिवळा वाटलेला कुर्ता खोक्यातून बाहेर येतो तेव्हा घरातलं लहान मूल डोळ्यांवर हात घेतं. लग्नाच्या फोटोग्राफरला तर हे पाहुणे दुरूनच ओळखू येतात. निऑन हिरव्या कुर्त्याचा उजेड हनुवटीवर पडतो आणि ग्रुप फोटोत ऐन आनंदाच्या प्रसंगी एकटाच मामा कावीळ झाल्यासारखा येतो. शेजारी उभ्या असलेल्या मामीच्या गालावरही थोडी कावीळ जाते, आणि "तुमच्या शेजारी उभं राहिलं की हे असं होतं" या जुन्याच तक्रारीला आता छापील पुरावा मिळतो.

दिवसाउजेडी माणसाचा डोळा सर्वांत जास्त दाद देतो ती पिवळट हिरव्या रंगाला, साधारण 555 नॅनोमीटर लहरीच्या आसपास. टेनिसवाल्यांना हे टीव्हीमुळे कळलं. रंगीत टीव्हीवर पांढरा चेंडू नीट दिसेना, म्हणून 1972 साली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पिवळ्या चेंडूला मान्यता दिली. सगळीकडे चेंडू पिवळे झाले. विम्बल्डनने मात्र 1986 पर्यंत पांढराच वापरला. तिथल्या कमिटीवर आपल्याकडचे कुणी असल्याची माहिती नाही, पण बैठकीत "जरा सोबर दाखवा" हे कुणीतरी नक्कीच म्हटलं असणार.

धावायच्या बुटांनी हीच वाट धरली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नायकीने आपल्या खेळाडूंच्या पायांत निऑन पिवळे बूट चढवले आणि तेव्हापासून बुटांच्या दुकानातून काळा-पांढरा बूट हळूहळू मागच्या फळीवर गेला. याचा फटका बसला तो सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांसाठी चांगले बूट घ्या. चांगले बूट होते ते सगळे याच रंगाचे. त्यामुळे आज कुठल्याही उद्यानात पहाटे पाहावं: वर माकडटोपी, तिच्याखाली चॉकलेटी स्वेटर, त्याखाली राखाडी पँट आणि अगदी तळाशी दोन निऑन गोळे झपाझप पुढे सरकताहेत. माणूस घोट्यापर्यंत निवृत्त आणि त्याखाली ऑलिंपिकमध्ये. सुरुवातीला मंडळी ओशाळून हे बूट गवतात लपवत उभी राहायची. आता बाकावर बसून "माझे जास्त गादीदार की तुमचे" यावर चर्चा चालते.

पावसाळी ट्रेकला जाणारे या रंगाचे खरे हक्कदार. धुकं आणि ढगाळ हवेत इतर रंग मिटून जातात तेव्हा निऑन उलट जास्त उठतो. हरिश्चंद्रगडावर पुढचा माणूस ढगात नाहीसा होतो, पण त्याचा नारिंगी विंडचीटर दिसत राहतो आणि मागच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिथे सोबरपणा करणाऱ्याला शोधायला गावकरी लागतात.

मात्र या रंगाचा सगळ्यात मोठा वापर करतात ते रस्त्यावरचे लोक: झाडणारे, खड्डे बुजवणारे, हायवेवर बॅरिकेड सरकवणारे, चौकात उभे राहणारे. गाडीवाल्याला दिसावेत म्हणून त्यांच्या अंगावर निऑन जॅकेट असतं. आता हा रंग एक किलोमीटरवरून दिसतो, तरीही भर रस्त्यात झाडू मारणारी बाई कुणाला दिसत नाही. तिच्या अंगाला घासून गाडी जाते आणि काचेतून चिप्सचं रिकामं पाकीट नेमकं तिच्या पुढ्यात पडतं. तेच जॅकेट एखाद्या डिझायनरने थोडं कापून, चेन लावून मॉलमध्ये टांगलं की माणसं थांबून बघतात, किंमत बघतात, आणि किंमत बघून पुन्हा जॅकेट बघतात. स्वित्झर बंधूंना कापड दृश्य करता आलं. माणूस दृश्य करायची रसायनं त्यांच्या वडिलांच्या दुकानात नव्हती.

निऑनची एक खोड मात्र मराठी घराच्या पथ्यावर पडते. हे रंग उन्हात टिकत नाहीत. ज्या अतिनील किरणांवर ते चमकतात, तेच त्यांना खातात. आपलं मे महिन्यातलं ऊन आणि गच्चीवरची दोरी यांच्यापुढे त्यांचा उन्हाळाभरही निभाव लागत नाही. पोराने दिवाळीत हट्टाने घेतलेला निऑन पिवळा टी-शर्ट पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिकट, मवाळ, काहीसा आजारी दिसू लागतो. पोरगा तो टाकून देतो. त्याच दिवशी आई तो उचलून म्हणते, "आता कुठे घालण्यासारखा झाला होता." दुसऱ्या दिवसापासून वडील तो घालून दूध आणायला जातात. छातीवर इंग्रजीत काहीतरी आचरट लिहिलेलं असतं, पण चष्मा घरी असल्यामुळे त्यांना ते वाचता येत नाही, आणि दूधवाल्याला सवय झालेली असते.

आता राहिले काका. प्रत्येक कुटुंबात असतात ते. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री, खिशाला पेन, आणि पुतण्याचा शर्ट बघून, "हा काय अवतार?" हे ठरलेलं वाक्य. हल्ली लग्नाच्या आदल्या रात्री संगीत असतं, संगीताला डीजे असतो आणि डीजेकडे काळा दिवा असतो. स्वित्झर बंधूंच्या वडिलांच्या दुकानात फिरला होता, त्याच अतिनील जातीचा. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात ट्रान्स संगीताच्या पार्ट्यांमध्ये माडांच्या झावळ्या आणि रंगवलेले पडदे याच दिव्याखाली चमकायचे. तिथून निघालेला दिवा मजल दरमजल करत आता आपल्या मंगल कार्यालयात पोचला आहे. साधे दिवे विझतात, काळा दिवा लागतो, पुतण्या अपेक्षेप्रमाणे हिरवा पेटतो. पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. कारण कोपऱ्यातल्या खुर्चीवर काका पेटलेले असतात. निळसर पांढरे, कॉलरपासून कमरेपर्यंत, साऱ्या हॉलमध्ये सर्वांत तेजस्वी. हसले तर स्वतःचे दात चमकतात आणि कवळीचे काही अंधारात राहतात, त्यामुळे खरे किती आणि खोटे किती याचाही खुलासा होतो. हातातल्या ग्लासात "नुसता सोडा आहे" असं ते काकूला सांगून आलेले असतात. ग्लासही निळा चमकू लागतो. सोडा चमकत नाही. टॉनिक वॉटर चमकतं, त्यातल्या क्विनाइनमुळे. आणि टॉनिक वॉटर नुसतंच पिणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

काकांच्या सदऱ्याचं गुपित टिनोपालमध्ये आहे. आपल्या घरांत पांढऱ्या कपड्यांवर वर्षानुवर्षं तो पडत आला आणि आता बहुतेक धुण्याच्या पावडरींत तसलंच द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. हे द्रव्य कापडाचा पिवळेपणा धुऊन काढत नाही. ते अतिनील किरण गिळतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं, त्या उजेडात पिवळेपणा झाकला जातो आणि कापड पांढऱ्याहून पांढरं दिसतं. म्हणजे निऑन शर्टाचाच व्यवहार, फक्त सोबर रंगात. फरक एवढाच की पुतण्याचा शर्ट दर उन्हाबरोबर गरीब होत जातो, आणि पांढऱ्या सदऱ्याला दर धुण्याला नवा पुरवठा होतो. व्यासपीठावर, पोस्टरवर, उद्घाटनाच्या फितीमागे जे डोळे दिपवणारे पांढरे सदरे आपण पाहतो, त्यांचंही हेच आहे. पुतण्याच्या शर्टाला सगळेच विचारतात, "एवढं चमकायला काय झालं?" पांढऱ्या सदऱ्याला उजेडाचा स्रोत विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.